सातवर लावलेला जंपर

९ जानेवारी १९९८

भावजी,

खुशाली शेवटी लिहीन, आधी काम. तुम्ही गेल्या वर्षी जोडून दिलेला कॉम्प्युटर चांगला चाललाय, पण मुका आहे. मी काही चुकीचं दाबलं की टुक करतो, बाकी तोंड उघडत नाही. त्याला साउंड कार्ड बसवायचंय. तुमच्या दुकानात अशी कार्डं ढिगाने असतात. एक पाठवा, आणि कसं बसवायचं ते पायरीपायरीने लिहा. मी लेटरहेडं आणि निमंत्रणं छापून देणारी बाई. स्क्रू ड्रायव्हर हातात धरता येतो, एवढंच माझं भांडवल.

कशाला हवंय तेही सांगते. रविवारी ह्यांची लोखंडी पेटी रिकामी केली. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण तळापर्यंत हात घालायचा धीर झाला नव्हता. तळाशी हातरुमालात गुंडाळलेली एक कॅसेट निघाली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तुमचे दादा फोरमन असताना कंपनीने घरी फोनला एक मशीन जोडून दिलं होतं, कोणी फोन उचलला नाही की निरोप टेप करून ठेवणारं, त्यातली. मशीन कंपनीने परत नेलं, कॅसेट ह्यांनी ठेवून घेतली. ती वाजेल असा छोटा टेप मी जुन्या बाजारातून आणला आणि ऐकली.

अपघात झाला त्या संध्याकाळचा फोन आहे. घंटा वाजत राहिली, मशीनने फोन घेतला, मग ह्यांनी धावत येऊन रिसीव्हर उचलला आणि मशीन बंद करायचं राहून गेलं. दोघांचं बोलणं टेप झालंय. ह्यांची नुसती पुटपुट, एक शब्द कळत नाही. मी आत होते. मला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून बोलत असणार. पण साहेबाचा आवाज तुम्हाला माहीत आहे, फोन नसता तरी गेटपर्यंत ऐकू गेला असता. घरघरीतून त्याची तीन वाक्यं मला लागली. "तुमची नोकरी जाईल, विचार करा." मग ह्यांची पुटपुट. "घरी काय सांगाल?" पुन्हा पुटपुट. आणि शेवटी, "मग सही करा."

आठ वर्षं मी जे म्हणत होते ते हेच. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसची जाळी उघडली की मशीन थांबवणारा स्विच तारेने बांधलेला होता, म्हणून जाळी उघडी असताना प्रेस खाली आली आणि त्यावर काम करणाऱ्या पहिलवानचा उजवा हात मनगटापासून गेला. ती तार साहेबाच्या हुकमाने बांधली, माल जास्त निघावा म्हणून, आणि दोष अंगावर घ्यायला ह्यांना धमकावून सही करायला लावली. तुम्ही तेव्हा तिथेच इलेक्ट्रिकलला शिकाऊ होतात, तुम्हाला वेगळं काय सांगू.

३० एप्रिलला साहेब निवृत्त होतोय. कंपनीच्या क्लबच्या हॉलमध्ये सत्कार आहे. त्याचे फोटो कॉम्प्युटरवरून पडद्यावर दाखवायचं काम क्लबच्या नव्या सेक्रेटरीने मला दिलंय. मी कोणाची कोण ते त्याला ठाऊक नाही. कॉम्प्युटर माझा, चालवणार मी. तीनशे खुर्च्या आहेत. पडद्यावर साहेबाचा फोटो असेल आणि हॉलभर त्याचाच तो आवाज. एवढं मला करायचंय. तोवर टेप स्वच्छ करून कॉम्प्युटरमध्ये घ्यायला हवी.

फोन मी कधीच काढून टाकलाय आणि शेजाऱ्यांकडे हे बोलायचं नाही. तेव्हा लिहाच. मी बरी आहे.

वहिनी


२१ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. कार्ड वेगळ्या पार्सलने पाठवलंय, सोबत फ्लॉपी आणि बसवायची माहिती लिहिलेला कागद. वीज काढूनच डबा उघडा. उघडल्यावर आधी डब्याच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली वीज उतरते. कार्डावर एक काळी इवलीशी टोपी आहे, तिला जंपर म्हणतात. ती पाच किंवा सात अशा दोन जागी बसते. कार्डाने कॉम्प्युटरला हाक मारायचा तो नंबर, प्रत्येक भागाचा वेगळा. तुम्ही सातवर लावा.

पण माझं ऐकाल तर या खटाटोपात पडू नका. टेप मला पाठवा. जुनी टेप वाजवाल तेवढी झिजते, एखाद्या वेळी आत गुंतली तर संपलंच. माझ्याकडे इथे सगळी साधनं आहेत. मी स्वच्छ करून पाठवीन.

आणि एक विचारू का? दादा गेला. साहेबही आता घरी बसणार. आठ वर्षांनी राख उकरून हाताला काय लागणार? चटकाच. दादाला हे आवडलं असतं का, याचा विचार करा.

धाकटा


४ फेब्रुवारी

भावजी,

टेप पाठवणार नाही. ती माझ्याजवळच राहील.

कार्ड बसवलं. डब्याचे मागचे सहा स्क्रू काढले. एक घरंगळत कपाटाखाली गेला, तो काढायला कपाट सरकवावं लागलं. पत्र्याला हात लावून घेतला. कार्ड खाचेवर धरलं आणि दाबलं, तर बसेना. मोडेल म्हणून दोनदा मागे घेतलं. मग मनाशी म्हटलं, हा साहेबाचा गळा आहे असं समज. खटकन बसलं.

जंपर चिमट्याने सातवर लावला. फ्लॉपी घातली, विचारील त्याला हो म्हणत गेले. शेवटी नमुन्याचा आवाज वाजवून पाहा म्हणाला. तुतारीसारखं काहीतरी सुरू झालं आणि पहिल्याच सुराला अडकलं. तें तें तें तें, तोच तुकडा, थांबेचना. वीज बंद केली तेव्हा गप्प झालं. कार्ड काढून तीनदा पुन्हा बसवलं, तीनदा तेच. काय चुकलं ते कळवा.

राख उकरू नका म्हणता. अपघातानंतर दोन महिन्यांत तुम्ही दुसऱ्या गावी निघून गेलात. इथे राहिलं कोण? वाण्याच्या दुकानात पहिलवानची बायको आली की बाकीच्या बाजूला सरकायच्या आणि मी एकटी मधे उरायचे. ती थांबायची. पिशवी धरलेल्या माझ्या हाताकडे बघायची. नोकरी गेल्यावर कंपनीचं क्वार्टर सोडताना पेटीला हात लावायला एक माणूस आला नाही. हे चार वर्षं खिडकीपाशी बसून होते. सही का केलीत, वाचा बसली होती का, असं मी रोज विचारायचे. नुसते बघायचे. असला शेळपट माणूस पाहिला नाही, असंही म्हणाले मी, तोंडावर. त्यांना शेळपट कोणी केलं ते आता सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

हाताला काय लागणार विचारता. साहेबाचं तोंड पडलेलं बघायचंय. बास.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

कार्डच खराब निघालं असावं. लॉटमध्ये अशी एखाद-दोन निघतात. ते आणि टेप एकाच पार्सलमध्ये परत पाठवा, दोन्हींचं मी इथे बघतो. तोवर प्रयत्न करायचाच असेल तर टेपची वायर कार्डाच्या मागच्या दुसऱ्या भोकात लावा, ते माइकचं. बाकी भोकांना हात लावू नका.

एक सांगतो, रागावू नका. साहेब तापट होता, पण राक्षस नव्हता. मी जाताना चांगलं सर्टिफिकेट त्यानेच दिलं, त्यावर मला पुढचं काम मिळालं. उद्या तीनशे माणसांसमोर तुम्ही त्याच्या तोंडाला काळं फासाल आणि मग कळेल की तसं नव्हतं, तर? टेपवर तुम्हाला अर्धंच बोलणं ऐकू येतंय. अर्ध्या बोलण्यावर कोणाला फासावर चढवू नये.

दुकानात गर्दी आहे, म्हणून एवढंच.

धाकटा


१ मार्च

भावजी,

कार्ड खराब नाही. टायपिंग क्लासच्या बाई हल्ली कॉम्प्युटरही शिकवतात, त्यांना घरी बोलावलं. त्यांनी तुमचा कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "हे कोणी लिहिलंय?"

म्हटलं, "माझ्या दिरांनी. त्यांचं हेच दुकान आहे."

"दुकान आहे आणि सात सांगितलं? सात नंबर प्रिंटरचा असतो. दोघं एकाच नंबरवरून हाका मारणार, मग अडकणार नाही तर काय? तुमच्याकडे प्रिंटर आहे हे त्यांना माहीत नाही का?"

प्रिंटर तुम्हीच आणून जोडला होता. माझं पोट त्यावर आहे हेही तुम्हाला माहीत आहे.

बाईंनी जंपर पाचवर लावला. तुतारी पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत वाजली. मग टेप लावली, तुम्ही सांगितलेल्या दुसऱ्या भोकात. साहेब बोलतोय की कोणी पत्रा कापतंय ते कळेना, आणि मागे सतत घूं. बाईंची क्लासची वेळ झाली होती. जाताना हसून म्हणाल्या, "दिरांना विचारा, पण ते उलटं सांगतील ते सुलटं करून घ्या." मला हसू आलं नाही.

मी मूर्ख नाही, भावजी. आधी टेप मागितलीत. मग सात सांगितलं. मग म्हणे कार्ड परत पाठवा, टेपसकट. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. साहेबाने सर्टिफिकेट दिलं म्हणून तुम्ही त्याचे झालात. सख्ख्या भावाची मान कापणाऱ्याचं मीठ खाल्लंत आणि त्याला जागताय. सात वर्षं तुमचा शाळेचा डबा मी भरला, त्यात मीठ नव्हतं का?

एकदाच विचारते. टेप नीट ऐकू यायला काय करायचं? खरं लिहा. नाहीतर साहेबानंतर माझ्या यादीत तुमचं नाव आहे.

वहिनी


११ मार्च

वहिनी,

सात मी मुद्दाम लिहिलं. माइकचं भोकही मुद्दाम सांगितलं.

आता खरं लिहितो. दुसरं नाही, पहिलं भोक वापरा. माइकच्या भोकाला अगदी बारीक आवाजाची सवय असते, टेपचा आवाज तिथे फाटतो. घूं येते ती भिंतीतल्या विजेची. टेप सेलवर चालवा, घूं जाईल. मग सगळं बोलणं कॉम्प्युटरमध्ये घ्या. पडद्यावर आवाजाची रेघ दिसेल. साहेब बोलतो तिथे डोंगर, दादा बोलतो तिथे जवळजवळ सपाट. तो सपाट तुकडा माउसने निवडा आणि आवाज वाढवा. पुन्हा निवडा, पुन्हा वाढवा. चार-पाच वेळा केलंत की दादाचं बोलणं लागेल.

ऐकल्यावर मला लिहा. काय लिहायचं ते लिहा, पण लिहा.

धाकटा


८ एप्रिल

वहिनी,

चार आठवडे झाले, पत्र नाही. म्हणजे तुम्ही ऐकलंत.

तुम्हाला आता कळलंच आहे, तरी माझ्या हाताने लिहितो. प्रेसची जाळी सैल झाली होती. जरा हादरा बसला की स्विच सुटायचा आणि मशीन बंद पडायचं, दिवसातून तीस वेळा. इलेक्ट्रिकलचा म्हणून सगळे माझ्यावर ओरडायचे. नवा स्विच मागवला होता, तो येईना. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी स्विच तारेने बांधून टाकला. मला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबाने नाही, दादाने नाही. एक शिफ्ट निघू दे, संध्याकाळी सोडू, असं मनात होतं. पहिलवानला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी आठ वर्षं म्हणतोय, तेही खोटं आहे. त्याला सांगितलं असतं तर तो दादाला सांगेल आणि दादा सगळ्यांसमोर झापेल, म्हणून सांगितलं नाही.

दादाला मीच सांगितलं, त्याच दुपारी, स्टोअरच्या मागे. तो म्हणाला, "तू कुठे तोंड उघडू नकोस. वहिनीजवळ तर नाहीच." मला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. मग तो म्हणाला, "आता बोललास तर माझी सही खोटी ठरेल, दोघंही अडकू." मग तो गेला, आणि मग कोणासाठी बोलायचं असं मी स्वतःला सांगत राहिलो. तुमचा कॉम्प्युटर जोडायला आलो तेव्हाही सांगायचं ठरवून आलो होतो. तुम्ही जेवायला वाढलंत. जेवलो आणि परत आलो.

तीस तारीख जवळ आली. हॉलमध्ये ती टेप वाजली तर माझं नाव तीनशे लोकांना कळेल. वाजवू नका म्हणायचा मला हक्क नाही. तरी म्हणतो. शिव्या द्या, पण दोन ओळी लिहा.

धाकटा


४ मे

भावजी,

सेल घातले, पहिल्या भोकात वायर लावली, सपाट रेघ पाच वेळा वाढवली. बाई शेजारी बसल्या होत्या. ह्यांचा आवाज आला तशा त्या उठून बाहेर गेल्या. भल्या बाई आहेत.

चार वर्षांनी ह्यांचा आवाज कानावर पडला आणि तो तुमच्याबद्दल बोलत होता. "धाकट्याचं नाव कुठे नको, साहेब. बावीस वर्षांचा आहे, आत्ता कुठे सुरुवात आहे त्याची. तार मी बांधायला लावली असं लिहा." मग साहेब म्हणाला, "तुमची नोकरी जाईल, विचार करा." हे म्हणाले, "केलाय." साहेब म्हणाला, "घरी काय सांगाल?" हे म्हणाले, "काही नाही. ती चिडेल, चिडू दे. खरं कळलं तर ती त्याला उभा जाळेल." मग साहेब म्हणाला, "मग सही करा." मी ज्याला धमकी समजून बसले होते ते समजावणं होतं.

उभा जाळेल म्हणाले. माझी ओळख त्यांना चांगली होती.

पत्र आलं नाही म्हणून तुम्ही तळमळलात ते वाचून बरं वाटलं. मी मुद्दामच लिहिलं नाही. तुमची कबुली वाचली. ती टेप ऐकून झाल्यावर आली, हे ध्यानात ठेवा. स्वतःच्या तोंडाने सांगायची छाती नव्हती, म्हणून मला सेल घालायला सांगितलंत. मेलेल्या भावाकडून वदवून घेतलंत.

हॉलमध्ये टेप वाजवली नाही. तुमच्यासाठी म्हणून नाही. तीनशे माणसांचा त्याच्याशी काय संबंध? फोटो दाखवले, मागे वाद्यसंगीत लावलं, कार्ड छान वाजलं. कार्यक्रम संपल्यावर मी वायरी गुंडाळत होते तिथे साहेब आला. पार पांढरा झालाय. मला ओळखलं त्याने.

म्हणाला, "मी त्यांना विचार करा म्हणालो होतो."

मी म्हटलं, "ऐकलंय. मग आठ वर्षं गप्प का राहिलात?"

"वरच्यांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. पुढे कोणी विचारलं नाही."

"पहिलवानने विचारलं नाही?"

त्याने गळ्यातला हार उतरवून हातात घेतला. साहेबाचं पडलेलं तोंड पाहिलं. वाटलं होतं तेवढं गोड लागलं नाही. पण लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलवानकडे गेले. स्वच्छ केलेलं बोलणं कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि दार अडवूनच उभी राहिली. मी म्हटलं, "माफी मागायला आले नाही. ऐकवायला आलेय." आतून पहिलवान म्हणाला, "येऊ दे तिला."

टेप टेबलावर ठेवला. त्याने डाव्या हाताने बटण दाबलं. तीनदा ऐकलं. मग मला म्हणाला, "ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे, तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. मला फिरायला जातो म्हणून सांगायचे.

"पायरीखाली उभे राहायचे. काही आणू का, काही करू का, विचारायचे. मी शिव्या घालायचो. एकदा धुण्याची बादली अंगावर ओतली, तर भिजलेले तसेच उभे. चार वर्षं मी भल्या माणसाला लाथाडलं, वहिनी. ते पाप कोणी माझ्या पदरात घातलं?"

त्याने तुमचा पत्ता मागितला. तुमच्या पाकिटावरचा फाडून मी त्याच्या हातात दिला.

वहिनी


२४ मे

वहिनी,

पहिलवान आला.

सोमवारी सकाळी दुकान उघडायला गेलो तर पायरीवर बसलेला. आधी ओळखलं नाही. खिशात खोचलेली उजवी बाही दिसली, मग ओळखलं. "तू धाकटा ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. वाटलं, मारेल. मनात आलं, मारू दे, एकदाचं संपू दे.

मारलं नाही. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "तुझं काम कर." मी एका गिऱ्हाइकाच्या डब्यात कार्ड बसवायला घेतलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. गिऱ्हाइकं आली, गेली, हा तिथेच. दुपारी जेवायला चला म्हटलं, तर मानेनेच नको म्हणाला. संध्याकाळी उठला आणि म्हणाला, "किती बारीक स्क्रू असतात रे. दोन हात लागतात." आणि गेला.

मंगळवारी पुन्हा आला. बुधवारी माझ्या हातात स्क्रू ठरेनात. एक पडला, दुसरा पडला, ते शोधायला मी टेबलाखाली वाकलो तर उठवेना. तेव्हा त्याने स्टूलवरून विचारलं, "घरी कोण कोण आहे?" मी सांगितलं. म्हणाला, "चल."

बायको आणि मुलीसमोर मला सगळं सांगायला लावलं. तार कधी बांधली, का बांधली, त्याला का सांगितलं नाही. मी थांबलो की म्हणायचा, "पुढे." मुलगी सात वर्षांची आहे. तिने त्याच्या बाहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून आईमागे जाऊन उभी राहिली.

कंपनीला द्यायचा जबाब त्याच्यासमोर लिहून सही केली. त्याने घडी घालून वरच्या खिशात ठेवला. दारात मी माफीचं बोलायला गेलो. तो म्हणाला, "तुझ्या भावाने काही केलं नव्हतं, त्याला मी माफ केलं नाही. मग तुला कसं करू?"

बायको ताट वाढते आणि आत निघून जाते. मुलगी दर सुट्टीत आठवडाभर तुमच्याकडे येते. यंदा जायचं का, असं तिने आईला विचारलं, मला नाही. तुम्ही हो म्हणाल का? आणि तुमचा राग कधीतरी जाईल का, तेवढं एक लिहा.

धाकटा


३ जून

भावजी,

पहिलवानने जबाब आधी मला दाखवला, मग कंपनीत दिला. नोंद घेतली आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. याहून जास्तीची मला आशा नव्हती. मी त्याच्या पन्नास प्रती छापल्या आणि जुन्या क्वार्टर्समध्ये दारोदार नेऊन दिल्या, एकेकीच्या हातात. काहीजणी आत या म्हणाल्या, मी कोणाकडे टेकले नाही. दुपारी पहिलवानची बायको रस्त्यात भेटली. माझ्या हातातून अर्धा गठ्ठा घेतला आणि पलीकडच्या रांगेतली घरं तिने केली.

रागाचं विचारलंत. नाही जात. तुमच्यावरचा एक वेळ जाईल, पण ह्यांच्यावरचा कुठे नेऊन टाकू? चार वर्षं मी त्यांना शेळपट म्हटलं आणि त्यांनी म्हणू दिलं. तुम्हाला वाचवलं, पहिलवानच्या शिव्या घेतल्या, माझ्या घेतल्या, आणि तुला हे चालेल का, असं मला एकदाही विचारलं नाही. त्यांच्याशी भांडायची सोय राहिली नाही. म्हणून तुमच्याशी भांडणार. मी लिहीत जाईन, तुम्ही वाचत जायचं, उत्तर द्यायचं नाही.

मुलीला पाठवा. शनिवारी सकाळच्या बसमध्ये तिला खिडकीशी बसवा, कंडक्टरला सांगा आणि खाली उतरा. इथे स्टँडवर मी असेन. तुम्ही येऊ नका.

वहिनी